लाल पेन्सिलीखालचं वाक्य

बाईंनी मेंदूवर शंभरेक शोधनिबंध लिहिले, पण जगाने डोक्यावर घेतला तो पहिलाच, विद्यार्थीदशेत सरांबरोबर लिहिलेला. हजारो संशोधकांनी त्याचा संदर्भ दिला, तोही एकाच वाक्यासाठी: ‘झोपेत मेंदू सरलेला दिवस पुन्हा जगतो.’

ते वाक्य सरांचं. त्यावरून तेव्हा प्रयोगशाळेत दोघांची चांगलीच जुंपली होती. “मूठभर उंदरांच्या जिवावर एवढी मोठी उडी?” असं बाई म्हणाल्या होत्या आणि सरांनी त्यांना उडवून लावलं होतं.

आता सरांना बाईंचं नावही आठवत नाही. तरी निवृत्त झाल्या त्या दिवशी बाई तो निबंध घेऊन त्यांच्या घरी गेल्या. सरांनी सवयीने लाल पेन्सिल मागितली, परक्याचं लिखाण तपासावं तसा निबंध तपासला आणि नेमकं तेच वाक्य खोडलं.

“पुरावा एवढासा आणि तोंड केवढं! कुणी लिहिलंय हे?”

इतक्या वर्षांनी बाई भांडण जिंकल्या होत्या. 

“राहू द्या ना सर. खरं आहे ते.”

“मग पटवून द्या,” सर गुरगुरले, अगदी तेव्हासारखे.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि सरांच्याच बाजूने सरांशी भांडायला बसल्या.