हिल्डाने फाडलेली पानं

डिसेंबर लागला की लोक मला विचारतात, एडवर्ड, सुट्टीत काय वाचू? मला विचारतात! मी तिसरीत शाळा सोडली आणि हयातभर होड्यांची इंजिनं उघडली. पुस्तक म्हणजे माझ्या लेखी लंगड्या टेबलाच्या पायाखाली सारायची वस्तू. पण लायब्ररी माझ्या ओटीवर आहे, ती चालवणारी माझी बायको हिल्डा यंदा ईस्टरच्या आधी गेली, म्हणून आता तिच्या खुर्चीवर मी बसतो, आणि खुर्चीवर जो बसलेला असतो त्यालाच लोक विचारतात, त्याला अक्कल असो नसो.

विचारलंत तर सांगतो. थंडीत, म्हणजे आमच्या बोरिवलीत सकाळी उगाच पडल्यासारखी जी पडते तेवढ्या थंडीत, घरगुती खून वाचावा. हा हिल्डाचा शब्द. घरगुती खून म्हणजे ज्यात रक्त कमी आणि चहा जास्त, मेलेला माणूस मुळात कोणालाच आवडत नसतो, आणि खुनी शोधून काढणारी एखादी शेजारीण असते जिला दुसरा उद्योग नाही. भुतं मे महिन्यात वाचावीत. उकाड्यात अंगावर काटा आला तर तेवढाच गारवा. पावसाळ्यात पुस्तक नेऊच नये, भिजवून आणता तुम्ही. पोरांना नाताळात बर्फाची गोष्ट देऊ नका. पोर खिडकीतून बघतं, बाहेर कावळा आणि एसीचा डबा, मग ते आईचं डोकं खातं. पोरांना हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट द्यावी, बेटाची द्यावी, नाहीतर जिच्यात कोणीतरी रुसून घर सोडतं आणि जेवायच्या वेळेला परत येतं. मला यातलं एकही पुस्तक माहीत नाही. हिल्डा बोलायची, मी ऐकायचो, बस.

हिल्डाची एक खोड होती. लायब्ररीत आलेल्या प्रत्येक रहस्यकथेचं शेवटचं पान ती फाडून ठेवायची. ब्लेडने, सुबक, मासळी साफ करावी तसं. पुस्तक वाचून झालं की माणसाने यायचं, ओटीवर बसायचं, चहा घ्यायचा, खुनी कोण असं वाटतं ते सांगायचं, का वाटतं तेही सांगायचं, आणि मगच हिल्डा डब्यातून ते पान काढून द्यायची. "नाहीतर लोक पुस्तक टाकून पळतात रे," ती म्हणायची, "मग मी बोलू कोणाशी, तुझ्याशी?" लहान मुलांच्या पुस्तकाला मात्र तिने कधी ब्लेड लावलं नाही. पोराला शेवट हातात मिळाला पाहिजे, मोठ्यांना तो कमवू दे, असं तिचं म्हणणं.

जाण्याआधी तिने सांगितलं, डबा माझ्याबरोबर शवपेटीत ठेव. मी ठेवला. मला वाटलं हा दुसरा डबा, आत तिची रोझरीची माळ आणि आईचे फोटो असतील. शवपेटी चर्चच्या मागे मातीत गेली आणि आठवडाभराने कोणीतरी पुस्तक परत करायला आलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की या घरातल्या झाडून सगळ्या खुन्यांची नावं आता हिल्डाच्या उशाशी आहेत.

त्याचं मला काही वाटलं नसतं. खुनी कोण हे कळल्याशिवाय कोणी मरत नाही. माझा जीव अडकला होता दुसरीकडे. माझी नात एलेन, दुसरीत आहे, हिल्डाला नॅना म्हणायची, मला पापा. दफनाच्या दिवशी मूठभर माती टाकून ती घरी आली आणि बोलायची थांबली. हट्ट नाही, रडणं नाही. जेवते, शाळेत जाते, मान हलवते, चित्रं रंगवते. तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले कान ठीक, गळा ठीक, धीर धरा. माझी सून बेव्हर्ली धीर धरून धरून काडी झाली. रोज शाळेच्या फाटकाशी बाकीची पोरं "मम्मी, मम्मी" करत सुटायची आणि ही मुकाट्याने येऊन तिचं बोट धरायची. एकदा बेव्हर्ली मला म्हणाली, "पापा, तिने मला शिवी दिली ना, तरी मी पेढे वाटीन."

डिसेंबरच्या सुरुवातीला समोरच्या टॉवरमधल्या मृणालिनीबाई आल्या. सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेल्या, हिल्डाची जुनी गिऱ्हाईक, जिभेला धार. मी त्यांना एक घरगुती खून दिला, शेवट नाही हेही सांगितलं.

"मग चहा तरी आहे का?" त्या म्हणाल्या.

"आहे. पण मी करतो."

"म्हणजे तोही नाहीच म्हणायचा."

चार-पाच दिवसांनी त्या पुस्तक घेऊन आल्या आणि सवयीने ओटीवर बसल्या. एलेन टेबलाखाली फरशीवर पालथी पडून तारा रंगवत होती. मृणालिनीबाईंनी चष्मा काढला आणि कोर्टात उभं राहिल्यासारखं सांगितलं, "औषध कंपाउंडरने बदललं. शंभर टक्के. सुरुवातीपासून घाम पुसतोय मेला."

"असेल," मी म्हणालो.

"कंपाउंडर नव्हता," टेबलाखालून आवाज आला.

माझ्या हातातला कप हातातच राहिला. एलेनने रंगाची कांडी खाली ठेवली नव्हती, मानही वर केली नव्हती. ती बोलत होती, शांतपणे, एका लयीत, न अडखळता: "कंपाउंडर नव्हता, हे इन्स्पेक्टरांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. घाम पुसणारा माणूस भितो, आणि ज्याने बाटली बदलली त्याला भीती ठाऊकच नव्हती. माई शांतपणे उठल्या, त्यांनी खिडकी लावून घेतली..." असं शेवटपर्यंत, माईंनी गुन्हा कबूल करून इन्स्पेक्टरांना सरबत विचारलं तिथपर्यंत. मग ती थांबली, आणि ताऱ्याचं उरलेलं टोक पिवळं करायला लागली.

बेव्हर्ली आतून धावत आली, तिने पोरीला उचलून छातीशी धरलं, "बोल बाळा, मम्मी म्हण, एकदा म्हण." एलेनने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. शब्द नाही.

आम्ही आपली समजूत घातली. हिल्डाने तिला मांडीवर घेऊन ही पानं वाचून दाखवली असणार, पोरीचं डोकं तल्लख, राहिलं लक्षात. मला तर आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आवाज शाबूत होता. मी गावठाणात आणि टॉवरमध्ये सांगून टाकलं की लायब्ररी चालू आहे, रहस्यकथा न्या, वाचा, या. लोक आले. एलेन टेबलाखाली असायची, माणूस आपला संशयित सांगायचा, आणि खालून शेवटचं पान यायचं. कोणी चुकलं तर ओटीवर हशा पिकायचा, बरोबर निघालं तर तो माणूस गल्लीभर छाती काढून फिरायचा. हिल्डा गेल्यापासून ओटी अशी भरली नव्हती. माझा मुलगा ब्रेंडन म्हणाला, "बोलते ना? मग बोलू दे. हळूहळू बाकीचंही येईल."

बेव्हर्ली भांडी घासत होती. "ती बोलत नाही, ब्रेंडन," ती म्हणाली, "ती वाचते."

ते माझ्या डोक्यातून जाईना. मग माझा भाचा डेन्झिल मनोरीहून आला. तो तिथे सुट्टीवर येणाऱ्यांना कॉटेज भाड्याने देतो, आणि पाहुणे चपला विसरतात तशी पुस्तकंही विसरतात. ती गोणीत भरून तो नाताळाआधी मला आणून देतो. गोणीतून एक नवंकोरं पुस्तक निघालं, बंगल्यात कोंडलेल्या पाच माणसांचं. एलेन शाळेत होती. मी कोऱ्या ब्लेडने त्याचं शेवटचं पान काढलं, न वाचता घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून बटण लावलं, आणि पुस्तक मृणालिनीबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन दिवसांत फस्त केलं. ते पान तोवर माझ्याकडेच होतं, शर्ट बदलला की खिसा बदलायचा एवढंच.

त्या आल्या, बसल्या, म्हणाल्या, "माळी."

एलेन म्हणाली, "माळ्याने हातातली कात्री गवतावर ठेवली..."

मी पान काढून मृणालिनीबाईंना दिलं. त्या चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत गेल्या आणि पोरीचा आवाज त्यांच्या बोटाच्या एक शब्द पुढे चालत राहिला. मध्ये एकदा एलेन थांबली. मृणालिनीबाईंनी पान उलटलं. एलेन पुढे सुरू झाली.

संपल्यावर त्यांनी पानाची घडी घातली, नीट, आधीच्याच घडीवर, आणि मला परत दिलं. "एडवर्ड," त्या हळूच म्हणाल्या, "हिल्डा पान उलटताना अशीच थांबायची हो." मग त्यांनी गार झालेला चहा सगळा पिऊन टाकला. त्या माझा चहा कधी संपवत नाहीत.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं, हवा असते, कचरा असतो, नाहीतर मालकाचा कंजूषपणा असतो. पण त्या संध्याकाळी मी बेव्हर्लीला सगळं सांगितलं तेव्हा ती घाबरली नाही, उलट तांदळाचं पीठ चाळता चाळता म्हणाली, "म्हणजे तिला जे छापलेलं आहे तेच सांगता येतं. मग पापा, तिला असं काहीतरी विचारा ना, जे कोणी छापलेलंच नाही."

तर हे काम माझ्यावर आलं. मी आयुष्यात कोणाला गोष्ट सांगितलेली नाही. ब्रेंडन लहान असताना गोष्ट मागायचा तेव्हा मी त्याला कार्बुरेटर दाखवायचो. पण नाताळच्या दुपारी, चर्चमधली मिस्सा झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले, ब्रेंडन पोटावर हात ठेवून झोपला, तेव्हा मी टेबलाखाली वाकून म्हटलं, "एलेन, बाहेर ये. पुस्तकाविना गोष्ट आहे." ती आली आणि समोर मांडी घालून बसली. नवा फ्रॉक, हनुवटीवर मार्झिपानची मिठाई.

मी सुरू केलं. "एक म्हातारा होता. तोंडाचा घाणेरडा. त्याची बायको बोलकी, त्यामुळे त्याला कधी बोलावंच लागलं नाही. घरात एक छोटी मुलगी होती, ती त्या बायकोच्या मांडीवर मोठी झाली. एके दिवशी बायको गेली. जाताना तिने घरातले सगळे शेवट बरोबर नेले. मग म्हातारा बसून राहिला, पोरगी बसून राहिली, पोरीची आई दारात उभी राहिली. आणि तिघांनाही पुढचं काही माहीत नव्हतं."

इथे माझी गोष्ट संपली. खरंच संपली, पुढे काही तयारच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात बेव्हर्ली पिठाच्या हातांनी उभी होती, हात अंगापासून लांब धरून. चर्चकडून पोरांचे फटाके ऐकू येत होते.

"बोल आता," मी म्हटलं, "शेवटचं पान काय?"

एलेनचे ओठ हलले आणि मिटले. तिच्या कपाळावर एक आठी पडली, पोरांना अवघड गणित घातल्यावर पडते तशी, आणि मला वाटलं, झालं, एडवर्ड, तू घोळ घातलास, होता तेवढा आवाजही घालवलास.

"एलेन?" मी म्हटलं. "बाळा, नसेल येत तर राहू दे..."

"थांब ना, पापा."

तो वाचल्याचा आवाज नव्हता. थोडा घोगरा, थोडा चिडका, सर्दी झाल्यासारखा, आमच्या एलेनचा. बेव्हर्लीच्या तोंडून हुंदका फुटला, ती गुडघ्यांवर खाली बसली, पिठाचे हात पोरीच्या नव्या फ्रॉकभर फिरवत म्हणाली, "काय म्हणालीस? परत म्हण. काय म्हणालीस गं?"

"मम्मी, आवाज नको करू," एलेन म्हणाली. "नॅना अजून वाचतेय."

बेव्हर्लीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. ती हसत होती का रडत होती मला सांगता येणार नाही, चेहरा सगळा पांढरा झाला होता पिठाने. "मम्मी म्हणाली," ती बोटांमधून पुटपुटत होती, "पापा, मम्मी म्हणाली ती."

मी मान हलवणार होतो, पण हलवली नाही. एलेन माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, अगदी जवळून, आणि तिची नजर ओळ वाचावी तशी डावीकडून उजवीकडे सरकत होती, संथपणे, मग पुन्हा डावीकडे, थोडी खाली, आणि पुन्हा उजवीकडे. ती कपाळापासून निघाली होती आणि आत्ता कुठे भुवयांपाशी आली होती. मी पापणीसुद्धा हलू दिली नाही. पान अजून बरंच बाकी असावं.