भोगीची पाटी

कुंभमेळ्याला पाहुणे येतील, इमारत बरी दिसावी, म्हणून सोसायटीने रंग द्यायचं ठरवलं आणि २००३ सालच्या मार्चमध्ये सिडकोतल्या त्या तीन मजली इमारतीच्या गॅलऱ्यांमधलं सगळं सामान जिन्याच्या बोळात येऊन पडलं. तुटके पाट, रॉकेलचे डबे, फुटक्या कुंड्या. मंगला अंबडच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम आटोपून दुपारी साडेतीनला आली, तेव्हा पहिल्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या शकुबाईंच्या सामानातून वाट काढताना तिच्या पायाला कांद्यांनी भरलेली बांबूची पाटी लागली. पाटी ओलांडून ती पुढे गेली, कुलपात किल्ली घातली आणि किल्ली तशीच लटकत ठेवून मागे वळली.

पाटीच्या काठाला हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. तीन वेढे, मग गाठ, मग पुन्हा तीन वेढे. बांबूच्या काड्या हाताला लागू नयेत म्हणून तिच्या माहेरी, मखमलाबादच्या मळ्यांत पाट्यांना चिंध्या बांधतातच. पण दर तीन वेढ्यांनी गाठ मारणारी बाई एकच होती. मंगलाची आई, बयाबाई. तिला जाऊन अडीच वर्षं झाली होती.

बोळात ठेवलेली कोणाचीही वस्तू शकुबाईंना आपलीच वाटते, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. दुधाची पिशवी असो, पेपर असो, नाहीतर गिरणीवाल्याने दाराशी ठेवलेला दळणाचा डबा. डबा परत यायचा, फक्त पीठ दोन वाट्या कमी असायचं. विचारलं तर शकुबाई मोकळेपणाने हसत. "अगं, दारात पडलं होतं. मांजराने तोंड घालण्यापेक्षा मी उचललं." तळमजल्यावरच्यांनी पेपर बंद केला. वरच्या मजल्यावरच्यांनी दूधवाल्यासाठी खिडकीतून दोरीला पिशवी सोडायला सुरुवात केली. भांडलं मात्र कोणी नाही.

मंगलाने तर भांडणं शक्यच नव्हतं. शहाण्णव साली तिचे यजमान वाल्मीक ओझरला कामावर निघाले आणि कारखान्याच्या बसमध्ये चढताना पाय घसरून पडले. तेव्हा रिक्षा शकुबाईंनी आणली होती आणि सरकारी दवाखान्यात दोन दिवस त्याच बसून होत्या. दुधाच्या पिशवीसाठी अशा बाईशी तोंड वाजवणं मंगलाच्या जिवावर येई. पिशवी नसली की ती कोरा चहा करी. वाल्मीक कप उचलून म्हणत, "शकुताईंकडे आज पाहुणे आलेले दिसतात."

त्याच वर्षी तिचं माहेर तुटलं होतं. वडील वारल्यावर मळ्याच्या कागदांवर बहिणीची सही हवी होती. ती घ्यायला भाऊ गोटीराम स्वतः आला नाही, वकिलाचा कारकून पाठवला. मंगलाला जमीन नको होती. भावाने समोर बसून एक कप चहा प्यावा आणि 'सही कर' म्हणावं, एवढंच हवं होतं. तिने मुकाट्याने सही केली आणि कारकुनापाशी निरोप दिला, "दादाला सांगा, सहीला माणूस पाठवला, आता सणालाही माणूसच पाठव."

त्यानंतर मखमलाबादहून कोणी आलं नाही आणि ती गेली नाही. दोन हजार सालच्या श्रावणात आई गेल्याचा निरोप आला, तेव्हा ती गेली. तेराव्यापर्यंत पाहुणीसारखी भिंतीशी बसून राहिली. निघताना तिने वहिनीला विचारलं होतं, "आईने माझं नाव काढलं का हो?" नवसावहिनी म्हणाली होती, "नाही." त्या एका शब्दावर मंगला गेली अडीच वर्षं जगत होती.

आता तिने शकुबाईंचं उघडं दार वाजवलं.

"शकुताई, ही पाटी कुठली?"

"कुठली म्हणजे? माझीच. कांद्यांची."

"ही माझ्या आईच्या हातची आहे."

शकुबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पाटीकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, खरंच की. तुझ्याच दारात ठेवून जायचा तो. कोण तो टेम्पोवाला, मिशीवाला. भोगीच्या दिवशी सकाळी. काय वांगी होती गं! काटेरी, कोवळी. हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजरं, उसाची कांडकी, सगळं एकात. मला वाटलं, कुणी भाजीवाला विसरला असेल."

"जायचा म्हणजे? किती वेळा?"

"तीन. दर वर्षी एकदा." मंगलाचा चेहरा बघून शकुबाईंचा आवाज जरा चढला. "पण पाटी ठेवून घेतली नाही हं मी. दोन्ही वर्षं रिकामी करून, चांगली झटकून तुझ्या दाराशी ठेवली. दुपारी तो येऊन घेऊन गेला. तिसऱ्या वर्षी तो न्यायला आलाच नाही, त्याला मी काय करणार?"

"रिकामी ठेवलीत?"

"मग? भाजी तर वापरली होती ना."

शकुबाई खरंच बोलत होत्या. त्यांचा अर्धा जन्म मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेला होता. तिथे डबा परत दिला की व्यवहार संपत असे. मखमलाबादच्या मळ्यात माहेरहून आलेली पाटी रिकामी परत जात नाही. मूठभर गूळ, पसाभर तांदूळ, काहीतरी तिच्यात घालायचं असतं. संक्रांतीच्या पाटीत तिळगूळ. रिकामी पाटी परत गेली की तिचा अर्थ शब्दांत सांगावा लागत नाही. पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवू नये, एवढं त्याला कळतं.

मंगलाने पाटी उचलून उलटी केली. कांदे जिन्यावरून गडगडत तळमजल्यापर्यंत गेले. रंगारी शिडीवरून खाली बघत राहिला.

"अगं, अगं! चार वांग्यांसाठी एवढा संताप?" शकुबाई ओरडल्या.

मंगला पाटी घेऊन घरात गेली आणि तिने दार लावलं.

दुसऱ्या दिवशी तिने कामावर सुट्टी टाकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो तीळ आणले. दुकानदार म्हणाला, "ताई, आता तीळ? उन्हाळा तोंडावर आला."

"द्यायचे राहिलेत," मंगला म्हणाली.

लाडू वळताना गुळाच्या पाकाने तिची बोटं भाजली. वाल्मीक दारात उभे होते. "मी येऊ का बरोबर?"

"नको. माझ्या तोंडूनच ऐकू दे त्याला."

"शकुताईंना घेऊन जा मग. साक्षीला."

ती हसली नाही. वाल्मीकसाठी चार लाडू तिने डब्यात ठेवले, बाकीचे पाटीत घातले आणि वर फडकं बांधलं. सिडकोतून सीबीएसच्या मोठ्या स्टँडला एक बस, तिथून मखमलाबादला दुसरी. पाटी तिने दोन्ही बसमध्ये मांडीवर घेतली. वाटेत ती वाक्यं जुळवत होती. आधी शेजारणीचं सांगायचं, मग पाटी दाखवायची, मग तिळगूळ. दादा चिडेल, शकुबाईंना चार शिव्या देईल, मग त्याचा आवाज बसेल. लहानपणीही त्याचं असंच व्हायचं. आई गेली ती गेली. पण निदान भावाच्या मनातून ती रिकामी पाटी काढता येईल, एवढ्या आशेवर ती बसमधून उतरली.

गोटीराम विहिरीजवळच्या शेवग्याखाली बसून मेथीच्या जुड्या बांधत होता. साठीच्या आतच पार म्हातारा दिसत होता. त्याने मान वर केली.

"ये. बस."

ती बसली आणि तिने सगळं सांगितलं. शकुबाई, दुधाच्या पिशव्या, गॅलरीतलं सामान, कांदे. गोटीरामचे हात चालूच होते. नवसावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो हातात धरून ऐकत उभी राहिली. मंगलाने पाटीवरचं फडकं सोडलं.

गोटीरामने पाटीच्या काठावरून अंगठा फिरवला. एका गाठीपाशी तो थांबला.

"पयल्या साली पाटी रिकामी आली, तव्हा आईनं ती उलटी करून झटकली," तो म्हणाला. "म्हणली, पुंजानं टेम्पोत तिळगूळ खाल्ला आसंल. पुंजाला पोराची शपथ घालाया लावली. दुसऱ्या सालीबी तसंच. मी म्हणलो, आता बास. ती म्हणली, एक डाव. अन् पुंजाला सांगितलं, ह्या बारीला पाटी मागं आणू नको, तिच्यापाशीच ऱ्हाऊ दे. पाटी द्याया तरी ती येईल."

त्याने पुन्हा हातातली जुडी बांधायला घेतली.

"संक्रांतीपास्नं श्रावणापोहोत रोज इचारायची. पाटी आली का? दुसरं काय नाय. तुझं नाव नाय काढलं. पाटी आली का, येवढंच."

मंगलाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी तांब्यात बघत होती.

"दादा, पाटी माझ्या नजरेलाच पडली नाही रे. देवाशपथ."

"नसंल पडली. तू खोटं नाय बोलायची." त्याने जुडी बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. "पाटी शेजारणीनं नेली. पण रस्ता तर नाय ना नेला तिनं? सिडकोतनं दोन बशी. आई इथंच बसलेली आसायची, ह्याच झाडाखाली."

"तू तरी कुठं आलास?"

"माणूस पाठव म्हणली व्हतीस. पाठवला."

मोटेचं पाणी पडायच्या जुन्या थारोळ्यात एक कावळा पाणी पीत होता. कावळ्याकडे बघतच मंगलाने विचारलं, "आता येत जाऊ का मी?"

"येत जा की. कोण नको म्हणतं?" गोटीराम म्हणाला. बाजारातल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा त्याचा आवाज होता. "बस चारला हाय. पुढची लय उशिरा."

वहिनीने लाडू घरात नेऊन स्टीलच्या डब्यात काढले आणि पाटी पुसून बाहेर आणली. गोटीरामसमोरच्या ढिगातल्या मेथीच्या दोन जुड्या तिने सवयीने उचलल्या आणि पाटीत ठेवायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," गोटीराम म्हणाला.

वहिनीचा हात थांबला.

"पाटी भरायचं काम आईचं व्हतं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता, तर मंगला त्याच्याशी भांडली असती, रडली असती, कदाचित रात्री मुक्कामालाही राहिली असती. वहिनीने जुड्या परत ढिगात ठेवल्या. मंगलाने रिकामी पाटी उचलली आणि चारची बस पकडली.

ती परतली, तेव्हा बोळातल्या शकुबाईंच्या बाजूच्या भिंतीला पिवळा रंग लागला होता. शकुबाई जिन्यात बसून कांदे एका फाटक्या पिशवीत भरत होत्या.

"आलीस? काय म्हणतं माहेर?"

"बरं आहे."

"काल मला फार लागलं गं तुझं वागणं. मी मनात ठेवत नाही, पण सांगते." शकुबाईंनी पिशवी हलवली. खालून दोन कांदे निसटले. "हे बघ. रंगाऱ्याच्या पायात येतात. ती पाटी देतेस का? तुझ्याकडे नुसती पडून राहणार."

मंगला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. ही पाटी घरात ठेवली तर रोज दिसणार. रोज कोणीतरी विचारणार, पाटी आली का. तिने पाटी पुढे केली. शकुबाईंनी दुसऱ्या बाजूने काठ धरला, ओढला, पण मंगलाची बोटं सुटेनात.

"देतेस ना गं?"

"थांबा," मंगला म्हणाली.

तिने पाटी काढून घेतली, कुलूप उघडून स्वयंपाकघरात गेली आणि वाल्मीकसाठी ठेवलेल्या चार लाडवांतले दोन पाटीत घालून परत आली.

"हे काय? आता तिळाचे लाडू?"

"रिकामी देत नाहीत."

शकुबाईंनी एक लाडू तिथेच पायरीवर बसून खाल्ला. दुसरा पदरात बांधला. मग कांदे एकेक करून पाटीत घालताना म्हणाल्या, "गूळ जरा जास्त झालाय. पण छान."