फुल्ल रेंज

योगिताने रेशन दुकानाच्या पत्र्यावरचा डबा तिसऱ्यांदा बंद करून चालू केला आणि शिडीवरूनच ओरडली, "उमेशदादा, बघा आता!"

"नाही हो मॅडम. नुसतं गोल गोल फिरतंय." दुकानदार उमेश खालून म्हणाला. "असू द्या. आम्ही चालवतो कसंतरी."

"कसंतरी कसलं चालवता!"

बुधीबाई सकाळपासून अंगठ्याच्या यंत्रापाशी बसून होती. महिन्याची शेवटची तारीख, दुपारचे तीन, आणि यंत्र आपलं ढिम्म. आज अंगठा लागला नाही तर हिच्या घरचा तांदूळ गेला, या विचाराने योगिताचं डोकं फिरलं होतं.

दुखणं तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या कंपनीने वेवजी गावात मोबाइलचे दोन छोटे टॉवर बसवले होते, जेमतेम डब्याएवढे. एक या दुकानावर, दुसरा समोर गोविंदरावांच्या बंगल्यावर. दोघेही पूर्ण ताकदीने बोंबलत, त्यामुळे कोणाचंच धड ऐकू येत नसे. बंगल्यावरच्या डब्याची पॉवर उतरवली की झालं. पण गोविंदरावांना फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या लागत. एक पडली की थेट डहाणूच्या ऑफिसात तक्रार. त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ऑफिसने बजावलं होतं.

ती तणतणत रस्ता ओलांडून गेली. गोविंदराव ओट्यावर चिकू निवडत होते.

"काका, तुमच्या डब्याची पॉवर जरा कमी करते."

"का म्हणून? जागा माझी, लाईट माझी, आणि रेंज उमेशला?"

"अहो, एका मांडवात दोन भोंगे लावले तर गाणं कळतं का? तुमचाही फोन नीट लागेल."

"आणि काड्या?"

"दोन दिसतील."

"मग नकोच! लोक म्हणतील, गोविंदरावाकडे दोनच काड्या."

कपाळ माझं! योगिताला हात जोडावेसे वाटले, आणि तिने खरंच जोडले.

"काड्या मोजू नका हो. फोन लावून बघा. नाही लागला तर मी स्वतः येऊन वाढवते."

"कर बाई, कर. डोकं नको खाऊ."

तिने तिथूनच ऑफिसला सांगून पॉवर उतरवली आणि धावत दुकानात आली. बुधीबाईने अंगठा ठेवला. यंत्राने झटक्यात उत्तर दिलं.

"लागलं!" योगिता म्हणाली.

उमेश हसला नाही. "अंगठा जुळत नाही म्हणतंय."

बुधीबाईने अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवला. मग दुसऱ्या हाताचा. मग एकेक करत सगळी बोटं. वीटभट्टीवर जन्म गेला होता तिचा, रेघा कुठल्या उरायला? यंत्र दर वेळी तेवढ्याच तत्परतेने नाही म्हणालं.

"मग इतके महिने कसं देत होतात?" योगिताचा आवाज चढला.

"रेंज नसली की शेवटच्या तारखेला वहीवर शाईचा अंगठा घेऊन देता येतं. तशी सूट आहे." उमेशने मान खाली घातली. "रेंज असली की यंत्र म्हणेल तेच खरं. सांगत होतो मी, तुम्ही ऐकून कुठे घेता?"

बुधीबाई योगिताकडे बघत होती. रागावलेली मात्र नव्हती.

"बाई, ते मघासारखं कर ना," ती म्हणाली. "थोडा वेळ. माझा तांदूळ होईपर्यंत."

योगिताने फोन काढला. पहिल्याच रिंगला लागला, आवाजही अगदी स्वच्छ.

"सर, वेवजी. बंगल्याची पॉवर परत फुल्ल करा."

"अगं, आत्ताच तर उतरवली! काका बोंबलले ना?"

"हो सर, फार बोंबलले," ती म्हणाली, आणि तिने उमेशला वही काढायची खूण केली.