दक्षिणेच्या सळया

"जागा झकास हाय मावशी, पर त्या सळयांचं काय?" सिद्धूनं विचारलं.

सोलरचा बंब बसवायला बारामतीहून आलेला हा गडी पणदऱ्यात रंगूबाईच्या स्लॅबवर उभा होता. भिंतीला भिंत लागून थोरल्या जावेचं, धोंडाबाईचं घर. त्या स्लॅबवर चारी कोपऱ्यांत खांबांच्या सळया वर आलेल्या, आणि प्रत्येक जुडग्यावर गंज लागू नये म्हणून युरियाची रिकामी पिशवी बांधलेली.

"त्यांचं काय? जावंचा लेक संदेश वरचा मजला बांधणार, म्हणून ठेवल्यात."

"मग ऐका. ते घर तुमच्या दक्षिणंला. थंडीत सूर्य तिकडनंच, खालनं जातो. मजला चढला की ऐन गरजेला तुमच्या काचंवर सावली. नळ्यांत क्षार धरला तर मी काढीन, स्लॅब गळू न्हाय म्हणून भोक न पाडता पायाखाली सिमेंटचं ठोकळं ओतीन. सावली मला काढता यायची न्हाय. लोक टाकी किती लिटरची ते इचारतात. शेजारी बांधणार का, ते कुणी इचारत न्हाय."

"मी इचारते की," म्हणत रंगूबाई जिना उतरली.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. उन्हावर पाणी तापतं म्हटलं की गल्ली हसायची. पण लग्न होऊन आल्यापासून पहाटे बंब पेटवणं रंगूबाईकडं होतं. पाचट, तुरकाट्या, ओलं लाकूड, जे मिळेल ते फुंकून फुंकून डोळे गेले. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरनं बजावलं होतं, आता धूर बंद. कुणाला काही विचारायला ती आयुष्यात कधी कचरली नव्हती.

धोंडाबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या.

"आक्का, संदेश मजला बांधणार हाय का?"

शेंग फोडणारा हात थांबला. संदेशनं चिंचवडला फ्लॅट घेतला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. धोंडाबाईंपुढं ते आजवर कुणी बोललं नव्हतं.

"माझ्या घरावर मजला चढायचा का न्हाय, ते तुझ्या आंघोळीवर ठरायचं व्हय?"

"ठरवाया न्हाय आले, इचाराया आले. बांधणार म्हणाला तर मी सोलर बसवत न्हाय. बंब हायच की."

"आन डोळं?"

"डोळ्यांचं माझं मी बघीन. तुमी खरं काय ते सांगा."

धोंडाबाईंनी फोडलेले दाणे तिच्या ओंजळीत घातले. "खा. आन जा घरी."

त्यावर रंगूबाईनं पुन्हा विचारलं नाही. सिद्धूला तिनं तसंच परत पाठवलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी शेजारच्या स्लॅबवरून लोखंड कापल्याचा आवाज आला. रंगूबाई धावत वर गेली. धोंडाबाईंनी बोलावून घेतलेला सिद्धू करवत घेऊन बसला होता. धोंडाबाई सुतळ्या सोडून एकेक पिशवी झटकून घडी घालत होत्या.

"आक्का, अवो, कापता कशाला? नुसत्या सळईची कसली सावली पडतीया?"

"न्हाय पडत, म्हाईत हाय मला. पर दर साली पावसाआधी पिशव्या बांधाया वर चढायचं, गुडघं न्हाय म्हणत्यात." मग सिद्धूकडं वळून म्हणाल्या, "ती रंगूच्या भिंतीकडच्या कोपऱ्यातली एक राहू दे रं. दोरी बांधीन."

पंधरवड्यात सोलर लागला. पहिल्या गरम पाण्याची बादली रंगूबाईनं स्वतः उचलून शेजारी नेली.

"गुडघं शेकून घ्या."

"उन्हाचं पाणी ते. कोमटच असंल," म्हणत धोंडाबाईंनी हात घातला आणि चटकन मागं घेतला. "आगं बया. भाजतंय की गं."

संक्रांतीच्या आसपास रंगूबाई काच पुसायला वर गेली. धोंडाबाईंनी त्या एका सळईपासून सोलरच्या लोखंडी पायापर्यंत दोरी ताणली होती. दोरीवर त्यांचं एकटीचं लुगडं वाळत होतं, आणि त्याची सावली नेमकी अर्ध्या काचेवर पडली होती.

रंगूबाईनं ऊन लागलेली अर्धी काच लख्ख पुसली. लुगड्याचा दुमडलेला काठ सरळ केला आणि खाली आली.