खालच्या जागेचा नारळ

रणजीत सरांवर सूड उगवायचा हे मी ह्या नोकरीत पाय ठेवला त्याच दिवशी ठरवलं होतं. पण त्यांचं अख्खं गाव माझ्या हाती येईल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमचं ऑफिस बेलापूरला. धरण कुठं बांधायचं, बोगदा कुठून न्यायचा, वीज किती निघेल, हे कागदावर मांडून सरकारला द्यायचं, हा आमचा धंदा. रणजीत सर प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. माझं माहेर कुठलं हे त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सांगून तरी त्यांना काय आठवणार होतं म्हणा! तरुणपणी हेच गृहस्थ एका धरणाच्या मोजणीसाठी आमच्या गावी आले होते. आमच्या ओटीवर झोपले, आईच्या हातचं पिठलं-भाकरी चापून खाल्ली आणि माझ्या वडिलांना, दिनानाथ गुरुजींना, म्हणाले, "पाणी तुमच्या घराच्या बरंच खाली राहील काका, बिनधास्त राहा." नकाशा त्यांच्या पिशवीतच होता, आणि त्यावर आमचं घर पाण्याखाली होतं. गावानं मोजणी अडवू नये म्हणून हे धडधडीत खोटं बोलले. बाबांनी विश्वासानं घरावर नवी कौलं चढवली, शेजाऱ्यांनाही धीर दिला. पाणी आलं तेव्हा शेजारी आम्हालाच शिव्याशाप देत गाव सोडून गेले. बाबा घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीत वारले. शेवटपर्यंत त्यांनी जुन्या गावातल्या कुणाला तोंड दाखवलं नाही. हे मी विसरावं? का म्हणून?

आता समुद्राला जाणारं पाणी घाटावर वळवायचा प्रकल्प आमच्याकडे आला होता. वाघी नदीवर धरणासाठी दोन जागा निघाल्या. वरच्या जागेनं जंगल आणि दोन पाडे बुडत होते. खालच्या जागेनं खैरवळण बुडत होतं. खैरवळण म्हणजे सरांचं गाव. घरी म्हातारी आई, दारात आमराई.

सर माझ्या टेबलापाशी घुटमळायला लागले. "वैजयंती, वरची जागा जरा नीट बघ ना. सेफ आहे यार."

बघितली. पुन्हा पुन्हा बघितली, कारण माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. डोक्यात सूड असला की आकडेसुद्धा आपल्याला हवं तेच बोलतात. म्हणून मनस्वीला, आमच्या ज्युनिअरला, काही न सांगता सगळं गणित वेगळं करायला लावलं. तिचंही उत्तर खालचीच जागा. साठा जास्त, बोगदा सरळ, वीजही चांगली. मी आकड्यांना बोटही लावलं नाही. तशी गरजच पडली नाही, ह्याचा आनंद मला किती झाला ते काय सांगू! सरकारनं खालची जागा मंजूर केली.

जागा पक्की झाली की आमच्याकडे पहिल्या नकाशाला हळदकुंकू वाहून नारळ फोडतात. मान सगळ्यांत मोठ्या माणसाचा. त्या दिवशी सरांची आई, भागीरथी आजी, ऑफिसात आल्या होत्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या कामोठ्याला मुलाकडे राहत होत्या, आणि मुलाचं ऑफिस बघायचा हट्ट धरून बसल्या होत्या. गावाचं त्यांना काहीही माहीत नाही, हे सरांच्या चेहऱ्यावरून मला लगेच कळलं.

मी म्हणाले, "सर, आज आईंच्या हातून फोडूया की!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर पांढरेफटक पडले. "नको, आईला त्रास कशाला," असं काहीतरी पुटपुटले, पण आजी पदर खोचून उभ्याही राहिल्या. "तरास कसला? माज्या पोराचं काम हाय." मी नारळ त्यांच्या हातात दिला.

"कुठं बांदतायत रे हे धरन?" त्यांनी विचारलं.

"सर सांगतील," मी म्हणाले.

सर नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लांब आहे गं आई. तुला माहीत नाही ते गाव."

स्वतःच्या आईशीसुद्धा तेच! माझ्या डोक्यात सणक गेली. आजींनी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन एका दणक्यात नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "सुखी रहा पोरी."

"लांब नाही आजी," मी म्हणाले. "खैरवळण आहे. तुमचं घर, आमराई, सगळं पाण्यात जाणार आहे."

"वैजयंती!" सर ओरडले.

आजींनी मुलाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली, तेवढ्यानं त्यांना समजलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? बाबांच्या वतीनं त्या माणसाच्या नावानं कडाकडा बोटं मोडावीशी वाटली.

पण आजींनी त्याच्याकडे पाठ केली. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुला आदीच ठावं व्हतं ना?" त्या म्हणाल्या. "मंग नारल माज्या हातात का दिलास?"

हातातल्या खोबऱ्याचं काय करावं, ते मला समजेना.