पावात लपवलेला पेला

मित्रांनो, वीतभर उंचीचा हा जुना चांदीचा पेला म्हणजे मी. इंग्लंडच्या उत्तरेकडे, मेंढपाळांच्या डोंगरात जोगिणींचा एक छोटा मठ होता. तिथे प्रार्थनेच्या वेळी माझ्यात द्राक्षरस ओतत. मला उचलताना थोरल्या जोगिणीचे हात भक्तीने कापत. पुढे मी भीतीने कापणारे हात पाहिले.

राजाचे पोपशी बिनसले. आता धर्माचा धनीही मीच, असे त्याने जाहीर केले आणि मठ मोडून त्यांची चांदी जप्त करायला माणसे धाडली. शेजारच्या मठाच्या महंतांनी चांदी लपवली, म्हणून त्यांना त्यांच्याच वेशीवर फाशी दिले. ते ऐकून आमची जोगीण ॲव्हिस मला शालीत गुंडाळून आपल्या भावजयीकडे घेऊन आली; तिचे नाव सिसली. ती गावात पाव भाजून विकणारी भटारीण. मला तिच्या हाती देऊन ॲव्हिस समुद्रापार निघून गेली.

एका सकाळी दारावर थाप पडली. सिसलीने मला राय नावाच्या काळसर धान्याच्या कणकेच्या मोठ्या गोळ्यात दाबले आणि तो गोळा भट्टीत सरकवला. आत काळोख होता, धग वाढत होती. बाहेरचे बोलणे मात्र ऐकू येत होते.

"बाई, तुझ्या नणंदेनं पेला पळवलाय म्हणे," राजाचा कारभारी रेंडल म्हणाला.

"मठाचं छप्परसुद्धा नेलंत, साहेब. आता माझ्या भट्टीतली राख तेवढी उरलीय. तीही न्या."

"जीभ आवर. याहून कमी बोलणारे लटकलेत."

शिपायांनी घर उलथेपालथे केले. रेंडल भट्टीपाशी बसून राहिला. "भूक लागलीय. तो मोठा पाव काढ."

सिसलीने पाव काढला. रेंडलने सुरी घातली. पाते माझ्या अंगावर खट्कन अडले. मी मनात म्हटले, संपले सारे.

पावाच्या चिरेतून मी पाहिले, रेंडलचा हात नकळत कपाळाकडे गेला, जुन्या धर्माप्रमाणे क्रूसाची खूण करायला. त्याने तो अर्ध्यातच खाली घेतला आणि दारातल्या शिपायांकडे चोरून पाहिले. त्याचेही ओठ पांढरे पडले होते.

"कच्चा आहे," तो म्हणाला. "पुन्हा आत घाल."

ते निघून गेले. सिसलीने मला भिंतीत चिणले. पुढे राजे बदलले, प्रार्थना बदलल्या. पण दारावर थाप पडली की तिचे कणकेतले हात थांबत, ते शेवटपर्यंत.

मित्रांनो, माझी चांदी काळी पडली तर राखेने घासून उजळते. भ्यालेल्या माणसाची भीती मात्र अशी घासून जात नाही. त्याला जपा.