रस्त्याकडची बाजू

आमच्या हिच्या हातच्या चमकेबद्दल बोलायला लागलो की लोक म्हणतात, म्हातारा सुटला. सुटतोच! शेजारच्या मांजरानं हिनं घासलेल्या झाकणात स्वतःला पाहिलं आणि पाहुणा आला म्हणून आपली दुधाची बशी पुढं सरकवली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. मांजर आता नाही, नाहीतर साक्षीला आणलं असतं.

तर झालं असं. आम्हा दोघा भावांचं स्पेअर पार्टचं नवं दुकान उघडायचं होतं. वडिलांची जुनी मोटारसायकल दर्शनी काचेत उभी करायची ठरली. इंजिनच्या दोन्ही अंगांना अॅल्युमिनियमची झाकणं, तेला-धुळीनं राखाडी पडलेली. एक हिनं उचललं, एक धाकट्या जावेनं. पण रस्त्यावरून गाडीची दिसणार एकच बाजू.

"ताई, जिचं आधी होईल तिची बाजू रस्त्याकडं," धाकटी म्हणाली. तिच्याकडं विजेवर फिरून चकाकी आणणारं बफिंग मशीन. आमच्याकडं स्वयंपाकघरातलं टेबल.

"चालेल," ही म्हणाली. नाक एवढं वर केलं की छताची जळमटं निघाली.

त्या दिवसापासून आमची जेवणं ताट मांडीवर घेऊन. टेबलावर जुनी चादर, पाण्याचं भांडं आणि झाकण. पॉलिश पेपर ओला करायचा आणि घासायचं. जाडा पेपर आडवा, मधला उभा, बारीक पुन्हा आडवा. आधीच्या पेपरच्या रेघा साफ मेल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, हा हिचा कायदा. प्रत्येक पेपरचं फडकंही वेगळं. मी एकदा जाड्याच्या फडक्यानं चष्मा पुसला, तेव्हापासून मला सगळं जग आडव्या रेघांत दिसतं.

एका दुपारी भिंतीपलीकडून हाळी आली, "ताई, माझा शेवटचा हात राहिलाय हं!"

हिनं ओठ आवळले. घाईघाईत मधला पेपर तसाच ठेवून बारीक उरकला, मग फडक्यावर पॉलिशची पेस्ट घेऊन घासत सुटली. फडकं काळंकुट्ट झालं आणि खालून असा लखलखाट उसळला की घड्याळ बिचकून थोडं मागं गेलं.

"अगं, हाक मार तिला! जिंकलीस की!"

हिनं झाकण खिडकीकडं तिरपं धरलं. "रेघा आहेत."

"कुठं? मला नाही दिसत."

"तुम्हाला दिसत नाहीत, म्हणजे नक्की आहेत. मधला पेपर राहिला."

"रस्त्यानं जाणारा काय भिंग घेऊन येणार आहे?"

"धाकटी येईल. ती भिंगाच्या वरताण आहे."

आणि हिनं मधला पेपर पाण्यात बुडवला. पलीकडून "झालं!" अशी आरोळी आली, तरी मान वर केली नाही. चुलीत गेली ती काच, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची माझी टाप नव्हती.

दुकान उघडायच्या दिवशी धाकटीची बाजू रस्त्याकडं झळकत होती. हिचं झाकण आत, काउंटरकडं. धाकटी फिरत फिरत तिकडं आली, वाकली, मान तिरपी करून रेघा शोधल्या. झाकणावरच्या उठावाच्या अक्षरांच्या कडांवरून नख फिरवलं. मग त्यातच बघून केसांतली पिन नीट केली.

"मधला पेपर दोनदा मारलात, ताई?"

"आधी गाळला होता. मग मारला."

"कळत नाही कुठंच."

"कळला असता तर आणलं असतं का मी?"

धाकटी सरळ झाली आणि नवऱ्यावर ओरडली, "अहो, उठा! गाडी फिरवायचीय."

"आत्ता? लोक येतायत!"

"म्हणूनच. माझ्या मशीननं अक्षरांच्या कडा खाल्ल्यात. ते लोकांनी कशाला बघायचं? ताईंचं बघू देत."

गाडी फिरली. हिनं फडक्यानं धाकटीच्या बोटांचे ठसे पुसले, आणि पलीकडं जाऊन तिच्या झाकणावरूनही एक हात फिरवला. माझी छाती मात्र एवढी फुगली की शर्टाचं बटण उडून थेट गिऱ्हाइकाच्या खिशात गेलं.

समोरच्या न्हाव्यानं त्याच आठवड्यात आपला आरसा काढला आणि खुर्ची आमच्या काचेकडं वळवली. खोटं वाटतं? मग निदान चमकेचं तरी धाकटीला विचारा. जावेला उगाच चांगलं म्हणायची तिला सवय नाही.